बायजाला कुणी विचारलं?

वरसे, रोहा
२० जानेवारी १९८६, सोमवार

आक्का,

नमस्कार करते. घ्यायचा तर घे, नाहीतर कागदावरच राहू दे.

काल तू तिळगूळ घेऊन आलीस आणि माझ्या दारात उभी राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोललीस, "पोर हिच्याकडं ठेवली ती शिकायला, आन हिनं तिची मोलकरीन केली." शेजारच्या काशीबाई चुलीवरची भाकरी टाकून ऐकायला आल्या. आज सकाळी मला विचारत होत्या, "पोरीला जेवाया तरी देत व्हतीस ना गो?"

मग तू पोरीचं बखोट धरलंस, तिचे कपडे पिशवीत कोंबलेस आणि दोनच्या यष्टीने पेणला घेऊन गेलीस. मला एक शब्द बोलू दिला नाहीस. म्हणून लिहिते आहे. तुझ्या शेजारची जनी आठवीत आहे, ती हे वाचून दाखवेल. जनी, ठसक्यात वाच, मिळमिळीत वाचू नकोस.

तुझी पोर ताट धूत होती हे खरं. ते तिचं स्वतःचं ताट होतं. माझं नाही, गोविंदाचं नाही. एक ताट धुवायला तिला दहा मिनिटं लागायची आणि निम्मं परस भिजायचं. मला मोलकरीणच हवी असती तर जरा हाताला वेग असलेली बघितली असती.

दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडे सोडलीस, कारण मिठागराचा हंगाम सुरू झाला की तू दिवसभर उन्हात आणि मोरूभावोजी मिठाच्या मचव्यावर. तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि भरवल्याशिवाय घास घेत नव्हती. पाणी सांडलं की दोन्ही हात पाठीमागे लपवायची, फटका चुकवायला. पहिल्याच दिवशी तांब्या कलंडला. मी एवढंच म्हटलं, "पाणी सांडलं. फडकं खिडकीत आहे." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शिवी कधी येते म्हणून. शिवी आली नाही. मग तिने फडकं आणलं.

आक्का, ही माझ्या डोक्यातून निघालेली खुळं नाहीत. ठाण्याकडच्या बालवाडीच्या शिबिरात आम्हाला मॉन्टेसरी पद्धत शिकवली. पोराला 'पडशील' म्हणायचं नाही, 'पाय कुठे ठेवतोस ते बघ' म्हणायचं. त्याच्या हातातलं काम हिसकावून घ्यायचं नाही. 'शहाणी गो माझी' असं उगाच गोंजारायचंही नाही. 'तू बटणं स्वतः लावलीस' एवढं खरं ते सांगायचं. माझ्या बालवाडीत एकोणीस पोरं आहेत, एकालाही मी 'मेल्या' म्हणत नाही. लोक हसतात. हसू देत. गोविंदाची कंपनीची बस दोनदा चुकली, कारण त्याचा डबा पिशवीत मी भरीन असं तुझी लेक म्हणाली आणि आम्ही दोघं तिची वाट बघत उभे राहिलो. दुसऱ्या वेळी शिफ्टला अर्धा तास उशीर झाला. तो चिडला, पण तिला काही बोलला नाही. नवरा बरा मिळालाय.

राहता राहिलं नाव. मी तिला बायजा म्हणते याचा तुला ताटापेक्षा जास्त राग आहे, हे मला ठाऊक आहे. तुझा दत्तू गेला, त्याच्या मागची तान्ही गेली, म्हणून ही जन्मली तेव्हा सुपात केर घालून त्यावर हिला निजवलीस, उकिरड्यावर ठेवलीस, आणि शेजारणीने उचलून आणल्यावर मूठभर कण्या देऊन परत घेतलीस. का, तर केरातल्या पोरीवर कुणाची नजर जात नाही. तेव्हापासून ती केरी. बारशाला कानात सांगितलेलं नाव पाच वर्षांत एकदाही तुझ्या तोंडून आलं नाही. मी ते घेतलं. पहिल्या दिवशी तिने मागे वळून बघितलं, बायजा कोण आली म्हणून.

तिला परत पाठव. येत्या रविवारी मी पेणच्या स्टँडवर येऊन घेऊन जाते. मी काहीही बदलणार नाही, हे आधीच सांगते.

सरू

वरसे
५ फेब्रुवारी १९८६

आक्का,

स्टँडवर मी रविवारी दोन तास बसले. तू आली नाहीस. तुझं पत्र मात्र आलं. जनीचं अक्षर चांगलं आहे. 'इथे आक्का जे बोलली ते मी लिहीत नाही' असं तिने दोन ठिकाणी लिहिलंय, त्यामुळे ते काय असेल ते मला बरोबर कळलं.

जे तिने लिहिलं तेही पुरे आहे. म्हणे, वांझेला काय कळणार बाळंतवेणा. लग्नाला चार वर्षं झाली आणि मला मूल नाही, हे अख्खा रोहा मला सांगतो. डॉक्टरीण सांगते, सासू सांगते, आणि आता तूही. मला लागलं. लागायचं म्हणूनच बोललीस ना? पण म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर माझी बहीण मला ओळखत नाही.

कारण काल रोह्याच्या बाजारात मला तुमचा कान्हू भेटला. तुझ्या शेजारच्या आगरावर काम करतो, म्हणून मी सहज विचारलं, पोर काय करते? तो तुझंच नाव घेऊन म्हणाला, "काय करनार? खोपीच्या खांबाला बांधलेली असते. गिरजावयनी कामाला जाते तवा कमरंला दोर बांधते, आन जेवायला सोडते." हे त्याने इतकं सहज सांगितलं की त्याच दमात मला वालाच्या शेंगांचा भाव विचारला.

आक्का, दोर? पाच वर्षांच्या मुलीला?

कशासाठी ते मला सांगू नकोस. आठ वर्षांपूर्वी दत्तू तुमच्याच आगराच्या तळ्यात बुडाला, चार वर्षांचा होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, एवढं मलाही कळतं. पण ताक फुंकणं वेगळं आणि पोरीला वासरासारखी दाव्याला बांधणं वेगळं. दावं तुटलं त्या दिवशी ती काय करेल? पाणी कुठे गुडघ्याएवढं आणि कुठे डोक्यावरून, हे तिला कुणी सांगितलंय? तिला फक्त दोराची लांबी माहीत आहे.

१६ तारखेला रविवारी मी येते. तो दोर मी सोडणार आहे. मुकादमाला आत्ताच सांगून ठेव, म्हणजे त्याला धक्का बसायचा नाही.

सरू

वरसे
१७ फेब्रुवारी १९८६

आक्का,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते, कारण तुला एक दिसलं आणि मला दुसरं.

मी आले तेव्हा तुम्ही सगळ्या फळ्यांनी मीठ ओढत होतात. पोर खोपीत होती. दोर मऊ होता, त्याच्या आत तू लुगड्याची चिंधी गुंडाळली होतीस, कमरेला काचू नये म्हणून. ती चिंधी बघून माझा राग निम्मा झाला होता, हे तुला आज सांगते. निम्मा उरला तो पुरला. मी गाठ सोडली.

आणि ती हलली नाही. दोर पायाशी पडला तरी पोर तिथेच उभी. मी म्हटलं, "बायजा, बाहेर यायचं का?" तर दोर पुरला असता तिथपर्यंत चार पावलं आली आणि थांबली. आक्का, ते बघितलंस का तू? की माझ्याच अंगावर धावून यायच्या नादात राहून गेलं?

मुकादम पोपट आला. म्हणाला, "मास्तरीनबाय, पोर तळ्यात गेली त जबाबदार कोन?" मी म्हटलं, "मी." त्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तवा बी तूच व्हतीस."

मग सगळ्या बायांच्या फळ्या थांबल्या.

मी तुझ्या हाताखालून पोरीचा हात धरला, एक बांबू घेतला आणि तिला बांधावरून चालवत नेलं. मिठाच्या वाफ्यात बांबू बुडवला. "हे पाणी तुझ्या घोट्याएवढं आहे." पुढच्यात बुडवला. "हे गुडघ्याएवढं." तिने दोन्ही ठिकाणी स्वतः बांबू बुडवून बघितला आणि बोटाने खूण धरली. साठवणीच्या, दत्तूच्या त्या तळ्यापाशी मात्र आम्ही पोचलोच नाही. तू मागून येऊन तिला उचललंस, मला ढकललंस आणि तिला परत बांधलंस. मी चिखलात बसले. माझं नवं पातळ होतं ते.

यष्टीत बसल्यावर वाटलं, पुरे झालं आता, आपली पोर नाही आणि आपलं गाव नाही. नागोठण्यापर्यंत तसं वाटलं. तिथे एक बाई चढली. तिचं पोर खिडकीतून बघायला उभं राहिलं तर ती ओरडली, "बस खाली, नायतर मर पडून." इतकं साधं. कुणाचं लक्षही गेलं नाही. मी मात्र ठरवलं की दर रविवारी यायचं. तू दर रविवारी ढकललंस तरी चालेल. जुनं पातळ नेसून येईन.

सरू

वरसे
२ मार्च १९८६

जनी,

हे पत्र उघडलंस की आधी एवढंच मनात वाच. यात दत्तूचं आहे. तू तेव्हा पाच-सहा वर्षांची असशील. हे वाचून दाखवायला जड आहे. तुला नको वाटलं तर शाळेतल्या बाईंना वाचायला सांग, किंवा ठेवून दे, मी स्वतः येऊन वाचीन. वाचायचं ठरवलंस तर सगळं वाच, मधलं गाळू नकोस. काय करायचं ते तू ठरव. मी रागावणार नाही.

आक्का,

दोन रविवार आले, दोन्ही वेळा तू खोपीच्या दारात आडवी बसलीस. बांधावर बसून मी परत गेले. "तवा बी तूच व्हतीस" हे तू बोललीस ते खोटं नाही, पण पूर्ण नाही. पूर्ण मी कुणाला सांगितलेलं नाही. गोविंदालाही नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची, तुझ्याकडे राहायला. तू मिठावर, मी खोपीत तांदूळ निवडत. दत्तू माझ्यामागे लागला होता, पाणी आणायला मीपण येतो, कळशी मी धरतो. दहा वेळा म्हणाला. मला घाई होती, सूर्य डोक्यावर आला होता आणि भात व्हायचा होता. मी म्हटलं, "मर तिकडं जाऊन, माझा जीव खाऊ नको."

तो गेला.

लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी त्याला पाण्याकडे जाऊ नको म्हटलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. आपल्याकडे सगळेच सांगतात. पाण्यात बागुलबुवा आहे, जाऊ नको, मरशील. त्या पोराला आपण सगळ्यांनी मिळून पाण्याची भीती घातली आणि पाणी कधी दाखवलं नाही. कळशी धरू दिली असती तर तो माझ्या शेजारी असता. तळ्याचा काठ कुठे खचतो ते मी दाखवलं असतं. लहान कळशी घरात होती, आक्का. तीही मी दिली नाही.

तू म्हणतेस, शिव्या दिल्या की पोरं जगतात, नजर लागत नाही. मी त्याला त्या दिवशी सगळ्यात मोठी शिवी दिली होती.

म्हणून मी शिबिराला गेले. म्हणून एकोणीस पोरांशी मी मोठ्या माणसांशी बोलावं तशी बोलते आणि अख्खं वरसे गाव मला उंटावरची शहाणी म्हणतं. मला शिकल्याचा माज नाही. मला ते तीन शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत.

मी माफी मागत नाही. माफी मागून हे फिटत नाही, आणि तू माफ केलंस तर मला ते कुठे ठेवावं कळणार नाही. मला शिव्या घाल, तोंड बघू नकोस, माहेर बंद झालं म्हण. पण पोरीचा दोर सोड आणि तिला माझ्याकडे पाठव. जूनमध्ये इथल्या शाळेत तिचं नाव घालते. तिच्यासाठी मी पायाखाली घ्यायला पाट करून घेतलाय, हंड्यातलं पाणी काढायला उंची पुरावी म्हणून. तिची जागा इथे आहे. हे मी आता विनवत नाही, सांगते.

सरू

वरसे
२ एप्रिल १९८६

आक्का,

मार्चभर तुझा निरोप नव्हता, आणि त्या पत्रानंतर मलाही यायचा धीर झाला नाही. शिमग्याला वाट बघितली. पुरणपोळी केली आणि शेजारी वाटून टाकली. काल तुझं पत्र आलं. आठ पानं. जनीने वर लिहिलंय, 'मी ठरवलं आणि सगळं वाचलं. मावशी, आक्का बोलली तसंच्या तसं लिहिते, या वेळी शिव्यासुद्धा.' शाबास म्हणत नाही. तू अवघड काम पूर्ण केलंस जनी, एवढं म्हणते.

तिसऱ्या पानाशी मी थांबले. गोविंदाला हाक मारली आणि त्याला मोठ्याने वाचायला लावलं, कारण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना.

"सरू, तो तुज्याकडनं माज्याकडं आलता. तुला ठावं नाय. फळीला हात लावून बोलला, आये, मी ओढतं. मी बोलली, मर मेल्या, मीठ खराब करशील. मग तो तळ्याकडं गेला. तुजं शेवटचं नाय गो. माजं शेवटचं. आठ वर्सं मी तुज्या डोईवर ठेवलं, तुला ठावं नव्हतं म्हनून ठेवता आलं."

आक्का, आपण दोघी एकाच घरात तेरा दिवस बसलो होतो. एका ताटात जेवलो. तू बोलली नाहीस आणि मी बोलले नाही. मला तुझा राग यायला हवा. आला नाही, रडू आलं, तुझ्यासाठी आलं. तू तिथे रोज त्याच तळ्याशेजारी मीठ ओढतेस.

पाचव्या पानावर तू मला धुतलं आहेस. "पोरांना इचारतेस, खाली बसून, गोड आवाजात. मना कवा इचारलंस? दोर का बांधतंस, आक्का, असं इचारलंस? तू येतंस ती मुकादमावानी." हे खरं आहे. एकोणीस पोरांना जे देते ते मी तुला दिलं नाही. पुढच्या वेळी विचारीन. जमेल की नाही सांगत नाही, मला मोठ्या माणसांशी बोलायची सवय कमी आहे.

आणि मग तू जे केलंस ते जनीने तिच्या शब्दांत लिहिलंय. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी काम बंद होतं तेव्हा तू बांबू घेऊन पोरीला घेऊन गेलीस. सगळे वाफे दाखवलेस. तळ्यापाशी आल्यावर तू लुगडं खोचून आत उतरलीस, छातीपर्यंत पाणी येईतो, आणि काठावरच्या पोरीला म्हणालीस, "बग, मना इथवर आलं. तुज्या डोईवरनं जाईल. हितला काठ नरम हाय, पाय ठेवू नुको." आठ वर्षांत तू त्या तळ्यात पाय घातला नव्हतास. पोरीने काठ दाबून बघितला आणि स्वतःहून मागे सरली, असं जनी लिहिते. दोर आता सरपणाच्या मोळ्यांना वापरता, हेही.

आठवं पान मी चार वेळा वाचलं. तू तिला विचारलंस. आपल्या सात पिढ्यांत पाच वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं नसेल. "मावशीकडं जातंस, का हितं ऱ्हातंस?" तू घाई केली नाहीस. दोन दिवस तिने घेतले, आणि तिसऱ्या दिवशी मीठ ओढणाऱ्या बायांना लहान कळशीतून पाणी देता देता सांगितलं, "मी हितं ऱ्हातं. मना हितं काम हाय."

मी इकडे पाट केला, शाळेत बाईंशी बोलले, गोविंदाने खुंटी खाली ठोकली. तिची जागा इथे आहे असं तुला बजावून लिहिलं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी, विचारणारी बाई.

गोविंदा म्हणाला, लहान आहे ती, तिला काय कळतं, जाऊन घेऊन ये. मी त्याच्यावर ओरडले. मग परसात जाऊन बसले आणि पुष्कळ वेळ आत आले नाही. ती मला हवी होती, आक्का. तिच्या भल्यासाठी म्हणत होते ते खरंच होतं, पण ती मला हवी होती हेही तितकंच खरं. तुला ते पहिल्या दिवसापासून दिसत असणार.

तरी माझी पद्धत चुकीची होती असं मी म्हणणार नाही. उद्या बालवाडीत तशीच बोलेन, आणि काशीबाईंना हसायचं तर हसू दे. जूनमध्ये तिला तुमच्या गावच्या शाळेत घाल. दप्तर तिचं तिला भरू दे, वेळ लागला तरी.

तिचं ऐकून मावशी खूश झाली, असं काही तिला सांगू नकोस. खोटं आहे ते. मावशीला वाईट वाटलं, असं सांग. आणि मावशीने ऐकलं, असंही सांग.

तुझी
सरू